जुन्या ट्रॅक्टरला बाहेरचं हायड्रोलिक: आमची वाटचाल

सोलापूरला अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडमध्ये सुरुवातीला फक्त ट्रॉलीचे जॅक (ट्रॉली उचलणारे हायड्रोलिक सिलिंडर) दुरुस्त व्हायचे. सील बदलणं, रॉडला हार्ड क्रोम, बॅरल आतून घासून गुळगुळीत करणं (होनिंग). जॅक नव्यासारखा करून दिला तरी ‘ट्रॉली उचलत नाही’ ही तक्रार यायचीच, कारण बऱ्याच वेळा दोष जॅकचा नसून ट्रॅक्टरच्या लिफ्टचा (मागचं अवजार उचलणारे हात आणि त्यांची तेलाची यंत्रणा) असायचा. मोहोळ, बार्शी, मंगळवेढा भागात मॅसी १०३५, एचएमटी २५११, महिंद्रा बी-२७५ हे जुने ट्रॅक्टर अजून रोज राबतात. इंजिन ठणठणीत, पण मागे टिपर ट्रॉली किंवा पलटी नांगर जोडायला बाहेरची तेलाची लाइनच नाही. या ट्रॅक्टरना स्वतंत्र हायड्रोलिक बसवणं हेच पुढे आमचं मुख्य काम झालं.

स्वस्तातला मार्ग म्हणजे लिफ्टच्या कव्हरवरून तेल काढणं. मॅसीत लिफ्टचा पंप ट्रान्समिशनच्या पोटात असतो आणि पीटीओच्या (अवजारं फिरवायला ट्रॅक्टरच्या मागे निघणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. पीटीओचा लिव्हर लावल्याशिवाय तो तेल देत नाही. त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह तेल ओढण्याच्या बाजूला आहे, त्यामुळे लिफ्टचे हात वर पोचले की पंप आपोआप बंद पडतो. म्हणून लोक हात साखळीने खाली बांधून ट्रॉली उचलतात. चालतं, पण ट्रॉलीचा जॅक दहा-बारा लिटर तेल खातो आणि ते गिअरबॉक्समधूनच जातं. ट्रॉली आज या ट्रॅक्टरला, उद्या त्या ट्रॅक्टरला. एकाचं पाणी मिसळलेलं दुधाळ तेल दुसऱ्याच्या गिअरवर. हे काम आम्ही बंद केलं.

आता पंप, टाकी, तेल सगळं वेगळं. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच: ट्रॉली की नांगर?

ट्रॉली उभ्या ट्रॅक्टरवर उचलायची असते, तिथे पीटीओवरचा पंप बरोबर. ५४० आरपीएम गिअर पंपाला कमी पडतात, म्हणून मध्ये वेग तिप्पट करणारा १:३ चा गिअरबॉक्स. पंपाला १६२० आरपीएम मिळाले की २० सीसीचा (एका फेऱ्यात २० सीसी तेल देणारा) पंप गळती वजा जाता मिनिटाला २९ लिटर देतो. १२ लिटरचा जॅक २५ सेकंदांत वर. १५० बार प्रेशरला याला साधारण ११-१२ एचपी लागतात, ३५ एचपीच्या ट्रॅक्टरला जड नाही. गिअरबॉक्स स्वतःभोवती फिरू नये म्हणून साखळीने चेसिसला बांधतो, पण साखळी थोडी सैल हवी. ताणून बांधली की सगळा भार पीटीओच्या बेअरिंगवर येतो.

पंप फिरण्याची दिशा पंपाच्या शाफ्टकडे बघून ठरते. पीटीओवर थेट लावला तर डावा (घड्याळाच्या उलट फिरणारा) पंप हवा; एका जोडीचा गिअरबॉक्स मध्ये आला आणि पंप त्याच्या मागच्या बाजूला असला तर उजवा. उलटा बसला की ओढण्याच्या बाजूला प्रेशर येतं आणि शाफ्टचं सील बाहेर फेकलं जातं.

नांगराला पीटीओचा पंप उपयोगाचा नाही. बांधाला वळताना क्लच दाबला की सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरचा पीटीओ थांबतो, आणि नांगर पलटायची वेळ नेमकी तीच. शिवाय पीटीओवर पंप बसला की नांगराच्या मास्टला (जोडणीच्या उभ्या सांगाड्याला) जागा उरत नाही. इथे पंप पुढे, क्रँक पुलीवर. नांगराचा सिलिंडर ६३ मिमी बोअर, २५० मिमी स्ट्रोक धरला तर तेल लागतं पाऊण लिटरच्या जरा वर. इंजिन १८०० ला असताना ८ सीसीचा पंप १३ लिटर देतो, म्हणजे साडेतीन-चार सेकंदांत पलटी. मोठा पंप मागणाऱ्यांना आम्ही देत नाही: पुढचा पंप दिवसभर थांबत नाही आणि जास्तीचं तेल व्हॉल्व्हमधून फिरून नुसतं तापतं. म्हणूनच व्हॉल्व्हही ओपन सेंटर, म्हणजे काम नसताना तेल सरळ टाकीत सोडणारा हवा. काही जण पंपाच्या शाफ्टवर पुली ठोकून पट्टा चढवतात. साध्या गिअर पंपाचा शाफ्ट बाजूचा ताण सोसत नाही. पंपाचे बुश एका बाजूने खाल्ले जातात आणि प्रेशर उतरतं. आम्ही रबर स्पायडरचं (मध्ये रबर असलेलं) कपलिंग लावतो आणि डायल गेज लावून सेंटर जुळवतो.

पाइपच्या मापात काटकसर नको. मिनिटाला २९ लिटरसाठी सक्शन (टाकीतून पंपाकडे) सव्वा इंच, प्रेशर (पंपाकडून पुढे) अर्धा इंच, रिटर्न (परत टाकीकडे) पाऊण इंच. सक्शन बारीक झाली की पंप खडे दळल्यासारखा आवाज करतो. प्रेशरची नळी आर२ची, म्हणजे तारेच्या दोन जाळ्यांची. अर्ध्या इंचाला ती २७५ बारची असते, एका जाळीची आर१ फक्त १६० ची, आणि आमचा रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर ठरल्यापेक्षा वाढलं की तेल टाकीत सोडणारा) १५० वर असतो. जोडाला डाउटी वॉशर (धातूच्या कड्यात रबर असलेला), टेफ्लॉन टेप कधीच नाही. तिचे तुकडे व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आत सरकणाऱ्या दांड्यात) अडकतात. रिटर्नचा पाइप टाकीत तेलाच्या पातळीखाली उघडायला हवा, नाहीतर फेस. सोलापूरच्या उन्हाळ्यात ६८ ग्रेडचं हायड्रोलिक तेल, ट्रॉलीसाठी टाकी ४० लिटरची.

चालू करण्याआधी पंपात हाताने तेल भरतो आणि रिलीफ पूर्ण सैल ठेवतो. स्लो रेसवर सिलिंडर चार-पाच वेळा आत-बाहेर करून हवा काढायची, टाकी पुन्हा भरायची, मग गेज लावून रिलीफ हळूहळू आवळत १५० पर्यंत. गेज न लावता ‘अंदाजाने’ आवळलेले रिलीफ आमच्याकडे फुटलेल्या नळीसकट येतात. रिटर्न लाइनला क्विक कपलर (झटकन लागणारा-निघणारा जोड) लावायचा नाही. तो अर्धवट बसला तर तेलाला वाट उरत नाही आणि रिटर्न फिल्टरच फुटतो.

पुढचा लोडर बसवून मागणारेही येतात. हायड्रोलिकची त्याला अडचण नाही, पण या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल आणि साधं स्टेअरिंग भरलेल्या बकेटसाठी केलेलं नाही. ते काम आम्ही घेत नाही.