जिनिंगचं खेळतं भांडवल आणि दोन ओळींचं पत्र

बीबीएच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी ‘कापूस जिनिंगचं खेळतं भांडवल’ हा विषय घेतला. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी (बी) वेगळी करून रुई काढणारा कारखाना, आणि खेळतं भांडवल म्हणजे त्याच्या रोजच्या व्यवहारात अडकून राहणारा पैसा. वणी, पांढरकवडा, हिंगणघाट, अकोट या विदर्भातल्या कापसाच्या पट्ट्यात राहायचं आणि प्रकल्पाला मुंबईच्या कंपनीचा ताळेबंद इंटरनेटवरून उतरवायचा, हे मला अजूनही पटत नाही. विषय मंजूर झाला, सिनॉप्सिस झाली. अडलं ते एका पत्रावर.

महाविद्यालयाच्या कार्यालयातून मिळणारं विनंतीपत्र दोन ओळींचं असतं: ‘सदर विद्यार्थ्यास आवश्यक ती सर्व आर्थिक माहिती देऊन सहकार्य करावे.’ त्यावर सही व्हायला अठरा दिवस लागले. साहेब बाहेरगावी, शिक्का कपाटात, जावक क्रमांक टाकणारे बाबू रजेवर. तोवर डिसेंबर उजाडला. डिसेंबरात जिनिंगच्या मुनिमाला मान वर करायला फुरसत नसते. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, काट्यावर वजन सुरू, टेबलावर चुकाऱ्याच्या (शेतकऱ्याला द्यायच्या पैशांच्या) पट्ट्यांचा गठ्ठा आणि त्यावर वारा लागू नये म्हणून ठेवलेलं किलोचं माप. मुनीमजींनी पत्र वाचलं आणि परत दिलं. “सारी माहिती कायले पाह्यजे? उद्या जीएसटीवाले आले त कोण निस्तरन?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. ‘सर्व आर्थिक माहिती’ हे शब्द वाचून कोणताही व्यापारी दार लावून घेईल. म्हणून पत्राचा मसुदा स्वतः करून न्या आणि कार्यालयाकडून फक्त सही-शिक्का घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: कोणत्या हंगामाचे आकडे हवेत, नेमके कोणते हवेत, अहवालात जिनिंगचं नाव न देता ‘युनिट अ’ लिहिलं जाईल, आणि छापण्याआधी आकड्यांचं पान मालकांना दाखवलं जाईल. दुसऱ्यांदा मी असंच पत्र नेलं. त्या पत्रालाही कार्यालयाने सहा दिवस लावले, पण जिनिंगमध्ये काम एका बैठकीत झालं.

मागायचे आकडे पाचच, महिन्यावारी: कापसाचा साठा, रुई व सरकीचा साठा, येणी, देणी आणि सीसी खात्याची (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची) बाकी. हे सगळं बहुधा एकाच कागदाच्या आधाराने जुळतं. जिनिंग दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे साठ्याचं विवरण, देते, तो कागद मागा. ताळेबंद मागितला की लोक बिचकतात, आणि या विषयाला नुसता ताळेबंद पुरतही नाही.

का पुरत नाही, ते बघा. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. तोवर हंगाम उतरलेला, बराच माल विकून सीसी बरीचशी भरलेली, त्यामुळे चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) छान दिसतं. खरी ओढाताण डिसेंबर-जानेवारीतली. समजा जिनिंग रोज ५०० क्विंटल कापूस ७,५०० रुपयांनी घेते. म्हणजे रोजचा चुकारा ३७.५ लाख. क्विंटलमागे ३४ किलो रुई धरली तर दिवसाला १७,००० किलो, म्हणजे १७० किलोच्या १०० गाठी. कापूस पडून ५ दिवस, गाठी विकेपर्यंत ७ दिवस, सूतगिरणीचे पैसे यायला १५ दिवस, एकूण २७. सरळ गुणाकार केला तर १० कोटींच्या वर रक्कम अडकते.

पण हा गुणाकार चुकीचा आहे, आणि मीही आधी तसाच केला होता. क्विंटलमधून ६३-६४ किलो सरकी निघते. आपल्या उदाहरणात किमतीचा ३० टक्के भाग सरकीचा धरू. ती तेलवाल्याकडे लवकर जाते, समजा १० दिवसांत पैसे आले. मग रुईचे २६.२५ लाख गुणिले २७ आणि सरकीचे ११.२५ लाख गुणिले १०, बेरीज साधारण ८.२ कोटी. एवढा फरक पडतो. सरकी सोडून केलेलं जिनिंगचं गणित कापूसवाला परीक्षक पहिल्या पानावरच पकडेल.

आवारात दिसणारी प्रत्येक गंजी साठ्यात धरू नका. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) हमीभाव खरेदी त्याच आवारात चालू असेल, तर तो कापूस सीसीआयचा. जिनिंगला त्याची फक्त प्रक्रियेची मजुरी मिळते.

बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून उचलता येणारी रक्कम, कशी काढते, हे एका परिच्छेदात लिहाच. साठा ४ कोटी, त्यातला उधारीवर घेतलेला ४० लाखांचा, उरले ३.६० कोटी, २५ टक्के मार्जिन (मालकाने स्वतः घालायचा वाटा) वजा केलं की २.७० कोटी. मंजूर मर्यादा यापेक्षा जास्त असली तरी साठ्यावर त्या महिन्यात एवढंच उचलता येतं. येणी धरली तर त्यांचा हिशोब वेगळा होतो. पुस्तकातलं २:१ चालू गुणोत्तर सगळे घोकतात. बँका मात्र रिझर्व्ह बँकेच्या टंडन समितीपासून चालत आलेलं १.३३ बघतात, तुलना त्याच्याशी करा.

खाजगी जिनिंगने दाद दिलीच नाही तर सहकारी जिनिंगकडे वळा. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि सभासदांना अहवाल मिळतो. गावात कोणा काकाच्या ट्रंकेत मागच्या तीन-चार वर्षांचे अहवाल निघतात. महिन्यावारी आकडे त्यात नसतात, ती मर्यादा प्रकरणात स्पष्ट लिहायची.

हे आधी सांगायला हवं होतं: जिनिंगला जायची वेळ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. यंत्रं बंद, मुनीमजी मोकळे, आणि ऑडिटसाठी कागद टेबलावरच काढलेले. तेव्हा पत्राचा अर्ज जुलैत टाका, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. माझ्या पहिल्या अर्जावर तो नव्हता, म्हणून ‘अर्ज आलाच नाही’ असं म्हणणं त्यांना सोपं गेलं.

बाइंडिंग करताना एक प्रत जास्त काढा. मी ती मुनीमजींना नेऊन दिली. त्यांनी आधी नाव कुठे आलंय का ते चाळून पाहिलं आणि मग सरकीच्या गणितावर बोट ठेवून म्हणाले, “हे बराबर हाये.”