रेघ गोड होईपर्यंत

35 वर्षं मी पुण्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढली, आधी बोर्डवर आणि मग संगणकावर. निवृत्त होऊन रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या घरी परतलो तेव्हा मनाशी ठरवूनच आलो होतो. शिडाची एक छोटी लाकडी होडी बांधायची, आणि तिचा आराखडाही आपणच काढायचा.

होडी कशी हवी हे डोळ्यांसमोर होतं. लांबी 4.2 मीटर, रुंदी दीड मीटर, आणि फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या. ही पद्धत आपल्याकडची नाही. कोकणात फळीला फळी कडेने भिडवतात. एकीवर एक चढवायची रीत उत्तर युरोपातली, व्हायकिंगांच्या जहाजांपासून चालत आलेली. आमच्या काळात ती प्लायवूड आणि इपॉक्सीत (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या चिकट राळेत) आणणाऱ्या होडी-आराखडाकारांमध्ये इअन ऑट्रेड यांचं नाव फार वरचं. जन्म ऑस्ट्रेलियातला, पण स्कॉटलंडच्या स्काय बेटावर स्थिरावले आणि 2024 साली वारले. त्यांच्या होड्यांचे आराखडे मी महिनोन् महिने समोर ठेवून बघत होतो. नक्कल करायची नव्हती, काठाची रेघ नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या लाकडाकडे, नेमकी कुठून उचलायला लागते ते समजून घ्यायचं होतं.

हिशेबाचा भाग मला सोपा गेला. होडी, शीड, वल्ही मिळून 120 किलो आणि दोन माणसं 150 किलो, म्हणजे 270. खाऱ्या पाण्याचा एक घनमीटर साधारण 1025 किलो भरतो, तेव्हा तेवढ्या वजनाचं पाणी बाजूला सारायला पाण्याखाली 0.26 घनमीटर आकार हवा. ठरावीक अंतरावरच्या छेदांची क्षेत्रफळं काढायची, सिम्पसनच्या नियमाने, म्हणजे छेदांवरून घनफळ काढायच्या गणिती रीतीने, बेरीज करायची, कमी पडलं तर पोट थोडं फुगवायचं. तीन वेळा फिरवून जमलं. कागदावर होडी देखणी दिसत होती.

मग ती पूर्ण मापात जमिनीवर उतरवायची पाळी आली. पडवीत प्लायच्या शीट अंथरून त्यांना पांढरा रंग दिला, आराखड्याच्या तक्त्यातली मापं घेऊन बिंदू मारले, प्रत्येक बिंदूवर खिळा, आणि खिळ्यांना लागून सागाची लांब, सडपातळ पट्टी वाकवली. गावातले एक जुने सुतारकाका तेव्हा पहिल्यांदा आले. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांनी आयुष्यभर मचवे आणि होड्या बांधल्या, तेही कागदाशिवाय; आता खाडीत सगळ्या फायबरच्या होड्या, त्यामुळे हाताला काम नाही. ते जमिनीवर आडवे झाले, एक डोळा मिटला आणि पट्टीच्या टोकाकडून बघत राहिले.

“भाऊ, दुसऱ्या खिळ्यापाशी रेघ अडखळते.”

“काका, माप तर बरोबर आहे.”

“मापाचं मला काय सांगता? खिळा काढा.”

खिळा उपटला. पट्टी टणकन बाहेर आली आणि आपली आपण जागेवर बसली. तक्त्यातल्या मापापासून 9 मिलिमीटर लांब. संगणकाच्या पडद्यावर तेवढा फरक मला कधीच दिसला नव्हता. मग आम्ही चार दिवस तेच करत होतो: खिळा काढायचा, पट्टीला मोकळं सोडायचं, ती म्हणेल ते नवं माप लिहायचं. रेघ बरी झाली की काका म्हणत, “आता गोड झाली.” या कामातला हा शब्द मला त्यांनीच दिला, आणि त्याहून नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

फळ्यांसाठी 6 मिलिमीटरचं मरीन प्लाय हवं होतं. पहिल्या दुकानातून आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलं आणलं. तीन तुकडे कापून पातेल्यात दिवसभर उकळले, तर दोन तुकड्यांचे थर सुटे झाले. ती शीट परत केली. दुसरीकडून घेतली, ती टिकली. शिक्क्यावर विसंबू नका, तुकडा उकळून बघाच. करवतीने कापल्यावर कडेला पोकळी दिसते का तेही बघा, कारण त्याच पोकळीतून पुढे पाणी चालतं. एकूण सहा शीट लागल्या. शीट 8 फुटी आणि होडी जवळपास 14 फुटी, म्हणून दोन शीट जोडाव्या लागतात. जाडीच्या आठपट, म्हणजे 48 मिलिमीटर लांबीचा उतार दोन्हीकडे रंधून काढायचा आणि चिकटवायचा. हात बसायला वेळ लागतो, पण सांधा चांगला उतरला तर फळी वाकवताना तो कुठे आहे ते कळतसुद्धा नाही.

नाळेसाठी सागाच्या पातळ पट्ट्या एकावर एक वाकवून चिकटवल्या. साग तेलकट, म्हणून चिकटवायच्या ऐन आधी तो घासून थिनरने पुसायचा. ओळीने पाच साचे उलटे उभे केले आणि होडी पालथी बांधायला घेतली.

एका बाजूला सात फळ्या. आधी नुसत्या बारीक पट्ट्या साच्यांवर ठोकून प्रत्येक फळीची कड कुठे येणार ते बघायचं. कण्यालगतची, म्हणजे तळाच्या मधल्या लाकडालगतची, फळी रुंद, पोटाच्या वळणावर अरुंद, काठाची पुन्हा थोडी रुंद. आम्ही पट्ट्या लावायचो आणि रस्त्यापलीकडे आंब्याखाली जाऊन उभे राहायचो. लांबून चूक लगेच दिसते.

मग फळी कापायची. होडीवर सरळ, डौलदार दिसणारी फळी सपाट केली की केळ्यासारखी वाकडी निघते. काही तर नागमोडी. म्हणून पातळ प्लायची पट्टी साच्यांवर बसवायची, कर्कटकाने कडेची अंतरं तिच्यावर उतरवायची आणि ती नव्या शीटवर ठेवून आकार परत मिळवायचा. मी पहिली फळी अंदाजाने काढली आणि वाया घालवली. प्लाय एका दिशेने खुशीने वाकतं, दोन्ही दिशांनी नाही. कण्यालगतच्या फळीला नाळेपाशी जो पीळ बसतो, तिथे दोनदा कापड गुंडाळून उकळतं पाणी ओतलं, तेव्हा कुठे ती आली. एका फळीवर दुसरी 20 मिलिमीटर चढते, पण नाळेजवळच्या शेवटच्या वीतभरात ती चढण संपवून दोन्ही समतल करायच्या असतात. हे रंध्याचं काम काकांनी मला करू दिलं नाही. एका बाजूच्या सातही फळ्यांचं त्यांनीच केलं, दुसरी बाजू माझ्याकडून करवून घेतली.

पावसाळ्यात इपॉक्सी लावायचा प्रयत्न केला तो फसला. दमट हवेत थरावर पांढुरकी, चिकट साय येते, ती पाण्याने धुवून काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. जूनअखेर काम बंद केलं, दसऱ्याला पुन्हा सुरू. उन्हाळ्यातली गंमत वेगळी: पेल्यात कालवलेलं इपॉक्सी तापून धूर सोडतं. पसरट ताटात, थोडं थोडं कालवायचं.

शीड 8 चौरस मीटरचं, वरच्या वाशाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे येईल असं. डिसेंबरात भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी जोराची, भरती धरून होडी पाण्यात लोटली, कारण उधाणाला खाडीत ओढ फार असते. सकाळी मतलई वारा पडला. दुपारी खारे वारे सुरू झाले तशी ती धावली. पण सुकाणू जड. हात सैल सोडला की नाळ वाऱ्याकडे वळे. शिडाचा जोर मागे पडत होता. काठावर येऊन वासा डोलकाठीवर जिथे टांगतो तिथून अख्खं शीड 12 सेंटीमीटर पुढे घेतलं, खालचा दोर अंगाचा भार टाकून ताणला, तशी कपड्यातली सुरकुतीही गेली. परत निघालो तर सुकाणू दोन बोटांत राहत होतं.

काका जेटीवर उभे होते. त्यांना घ्यायला मी होडी वळवली, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“इकडे नको. तिकडे कांदळाकडे न्या. मला काठाची रेघ लांबून बघायची आहे.”