बाईंचा चित्रालेख

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि सगळ्यांत आधी गणिताच्या बाई आठवल्या. शाळेबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, ते इतर लिहितीलच. मी बाईंच्या चित्रालेखाबद्दल, म्हणजे संख्या चित्रांच्या ओळींनी दाखवणाऱ्या आलेखाबद्दल लिहितो.

बाई पुस्तकातली तयार माहिती घेत नसत. ‘शाळेत कसे येता?’ एवढाच प्रश्न विचारायचा आणि फळ्यावर ताळ्याच्या खुणा करायच्या, चार उभ्या, पाचवी तिरपी. समजा, चालत १८, सायकलने १२, बसने ९, रिक्षाने ६ आणि मोटारीने कोणीच नाही. तरी मोटारीची ओळ राहायची, नाव लिहून पुढे रिकामी. बेरीज ४५. ती हजेरीशी जुळली नाही, तर कोणी हात वर केलेला नाही किंवा दोनदा केला आहे, हे चित्रे काढण्याआधीच कळे.

मग प्रमाण ठरवायचे. हा भाग बाईंनी कधी घाईत उरकला नाही. एका चित्राला ५ मुले धरली, तर १८ साठी तीन चित्रे आणि वर चौथ्याचे तीन पंचमांश. ते काढताही येत नाही, वाचताही येत नाही. ३ धरली तर ६, ४, ३ आणि २ चित्रे, सगळी पूर्ण. ६ धरली तर बससाठी दीड चित्र. तेव्हा चिन्ह असे हवे, की अर्धे काढले तरी ओळखू यावे. वर्तुळ चालते, सायकल नाही.

एकदा एका गटाने बस भल्यामोठ्या काढल्या. तीन बसची ओळ चार सायकलींच्या पुढे गेली आणि वर्गाने ‘बसवाले जास्त’ असे उत्तर दिले. बाईंनी ते पुसले नाही. शेजारी चौकटी आखल्या, सगळ्या ओळी डावीकडच्या एकाच रेघेपासून, एका चौकटीत एकच चित्र. तीच चित्रे पुन्हा काढून घेतली. आज आलेख करणे हाच माझा व्यवसाय आहे. ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयराथ यांनी १९२० च्या दशकात व्हिएन्नात हाच नियम धरला होता, हे मला पुढे वाचनात आले : संख्या वाढली तर चित्र मोठे करायचे नाही, तेवढ्याच आकाराची जास्त चित्रे काढायची. लांबी-रुंदी दुप्पट केली, की क्षेत्रफळ चौपट होते आणि डोळा फसतो. बाईंनी हे चौथीतल्या मुलांना खडूने दाखवले होते!

वाचनातली नेहमीची चूक म्हणजे चित्रे मोजून तेच उत्तर देणे. ‘सायकलपेक्षा चालत येणारे किती जास्त?’ एका चित्राला ३ मुले धरलेली असली, तरी मुले म्हणत, दोन. बाई जादा चित्रांवर बोट ठेवून म्हणवून घेत : तीन, सहा.

आता छापील कृतिपत्रिकेत माहितीही तयार आणि प्रमाणही दिलेले. मुलांनी फक्त चित्रे रंगवायची. याचे मला फार वाईट वाटते. सध्याच्या शिक्षकांना विनंती आहे, निदान प्रमाण तरी मुलांना ठरवू द्या, आणि ५ धरून ते अडले तर अडू द्या.