मदर मेरी तेरेसा दुजिक यांच्या माहेरचा माग : शिकागो ते प्वोचिच

शिकागोच्या फ्रान्सिस्कन सिस्टर्सचा संघ ज्यांनी उभा केला, त्या मदर मेरी तेरेसा दुजिक यांची माहिती शोधायला गेलं, की ती बहुतेक ठिकाणी ८ डिसेंबर १८९४ या संघस्थापनेच्या दिवसापासून सुरू होते. त्याआधीची चौतीस वर्षं दोन ओळींत आटोपतात. आमच्या वसईत कित्येक घरांतून एखादी मुलगी धर्मभगिनी झालेली असते. माझी आत्याही झाली. व्रतं घेतल्यावर तिचं नाव बदललं, आणि आजची मुलं तिला फक्त त्या नव्या नावाने ओळखतात. तिचे आईबाप कोण, ती कुठल्या आळीतली, हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. म्हणूनच संघात गेलेल्या बाईचं माहेर नीट नोंदलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. दुजिक यांच्या माहेरचा माग काढायला आम्ही दोघं त्यासाठीच निघालो.

एक खुलासा आधीच करते. या मदर तेरेसा कोलकात्याच्या नव्हेत. कोलकात्याच्या मदर १९१० साली जन्मल्या, तेव्हा शिकागोचा हा संघ सोळाव्या वर्षात होता.

त्यांचं जन्मनाव युझेफा दुजिक. जन्म ३० ऑगस्ट १८६०, गाव प्वोचिच, कामिएन क्रायेन्स्की या छोट्या शहराजवळ. वडील यान दुजिक, आई अग्नियेश्का, माहेरची पोलाश्चिक. १८८१ साली युझेफा शिकागोला आली.

अशा शोधाला निघणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हा, की पोलंडचं तिकीट आधी काढू नका. सुरुवात मठापासून करा. संघात प्रवेश घेताना मुलीला स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, दाखला द्यावा लागतो, त्यामुळे संघाच्या दप्तरात तिचं जन्मनाव, आईवडिलांची नावं, जन्मगाव आणि व्रतांच्या तारखा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. अमेरिकेतल्या सरकारी कागदांत गावाचं नाव क्वचितच सापडतं. तिथे नुसतं ‘जर्मनी’, ‘प्रशिया’ किंवा ‘पोलंड’ एवढंच लिहिलेलं असतं, कारण त्या काळी पोलंड नावाचं राज्यच नकाशावर नव्हतं. गाव कळलं नाही, तर पोलंडला जाऊन काहीच हाती लागत नाही.

संघाचा मठ लेमाँटला आहे, शिकागोच्या नैर्ऋत्येला. मदर २० सप्टेंबर १९१८ रोजी वारल्या तेव्हा त्यांना नाइल्सच्या सेंट ॲडलबर्ट दफनभूमीत पुरलं होतं. १९७२ मध्ये त्यांचे अवशेष लेमाँटच्या मठाच्या चॅपलमध्ये आणले. १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना ‘आदरणीय’ घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी. लेमाँटला जायला युनियन स्टेशनवरून मेट्रा या उपनगरी रेल्वेची हेरिटेज कॉरिडॉर गाडी आहे, पण ती नोकरदारांच्या सोयीची. आठवड्यातल्या कामाच्या दिवशीच धावते आणि फेऱ्या अगदी मोजक्या. दुपारचं परतणं जमवायचं, तर मोटार हवीच. मठ हे सिस्टरांचं घर आहे, हे लक्षात ठेवून आधी पत्र लिहा. कोणत्या सिस्टरची, कोणत्या सालची, नेमकी काय माहिती हवी हे एका पानात मांडा. ‘त्यांच्याबद्दल जे असेल ते द्या’ अशा पत्राला उत्तर देणं कुणालाही कठीण. ‘प्रवेशाच्या नोंदीतलं जन्मगाव आणि आईचं माहेरचं आडनाव हवं आहे’ असं लिहिलंत, तर दप्तर सांभाळणाऱ्या सिस्टरना नेमकं कुठलं पान उघडायचं ते कळतं.

शिकागोत सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो सेंट स्टॅनिस्लॉस कॉस्तका चर्चला. ओ’हेअर विमानतळावरून शहराच्या मेट्रोच्या ब्लू लाइनने थेट डिव्हिजन स्टेशनला उतरायचं, तिथून चर्च चालत काही मिनिटांवर. १८६७ मध्ये स्थापन झालेलं हे धर्मग्राम (एका चर्चच्या हद्दीतला कॅथलिक समाज) शिकागोतल्या पोलिश धर्मग्रामांत पहिलं. १८९७ च्या सुमारास इथे आठ हजार कुटुंबं, म्हणजे जवळजवळ चाळीस हजार माणसं होती. देशातल्या सगळ्यात मोठ्या धर्मग्रामांत त्याची गणना व्हायची. युझेफा इथल्याच वस्तीत राहिली, सेंट फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाची, म्हणजे घरी राहून त्याच्या मार्गाने जगणाऱ्या सामान्य लोकांच्या संघाची, सभासद झाली, निराधार आणि आजारी बायकांना स्वतःच्या घरात ठेवून घेऊ लागली. १८७४ पासून १८९९ पर्यंत इथे फादर विन्सेंट बार्झिन्स्की धर्मगुरू होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली संघाची सुरुवात झाली.

आता या चर्चच्या पाठीला चिकटून केनेडी एक्स्प्रेसवे जातो. तो सरळ आला असता तर चर्च पाडावं लागलं असतं. लोकांनी जोर लावला आणि रस्त्याला वळण घ्यावं लागलं. आत गेल्यावर मोटारींचा आवाज बराच कमी होतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, इंग्रजी, पोलिश आणि स्पॅनिश अशा तिन्ही भाषांत होते. मी पोलिश मिस्सेला बसले. शब्द कळत नव्हते, पण मिस्सेचा क्रम तोच, त्यामुळे कुठे उभं राहायचं नि कुठे गुडघे टेकायचे हे न सांगता कळत होतं. युझेफा या वस्तीत उतरली तेव्हा तिलाही आधी ओळखीची वाटली असेल ती हीच गोष्ट, असं माझ्या मनात आलं.

चर्चच्या जुन्या नोंदी बघायला मात्र चर्चच्या कार्यालयात खेटे घालायची गरज नाही. शिकागो महाधर्मप्रांताच्या १८३३ ते १९२५ या काळातल्या कॅथलिक नोंदींचा मोठा संग्रह फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहे. काही प्रतिमा घरच्या संगणकावर उघडत नाहीत. त्यासाठी फॅमिलीसर्चच्या केंद्रात जाऊन बसावं लागतं. या नोंदींत स्वतः सिस्टर फारशी सापडत नाही, कारण तिचं ना लग्न, ना मुलांचे स्नानसंस्कार. तिच्या बहिणींची लग्नं, भावंडांची मुलं, आणि त्या मुलांचे धर्ममातापिता (स्नानसंस्काराला साक्षी राहून मुलाची जबाबदारी घेणारे) शोधा. अविवाहित मावशी किंवा आत्या भाच्यांची धर्ममाता होते, हे वसईला जेवढं खरं तेवढंच पोलिश शिकागोलाही.

जनगणनेचं म्हणाल, तर १८९० ची अमेरिकन जनगणना १९२१ च्या आगीत जवळजवळ सगळी गेली. म्हणजे १८८१ मध्ये आलेलं कुटुंब संघराज्याच्या जनगणनेत पहिल्यांदा दिसतं ते थेट १९०० साली. मधल्या एकोणीस वर्षांसाठी शहराच्या डिरेक्टऱ्या (रहिवाशांची नावं-पत्ते असलेली पुस्तकं) आणि चर्चच्या नोंदी एवढाच आधार. १९०० च्या जनगणनेत अमेरिकेत आल्याचं वर्ष विचारलेलं आहे, ते जरूर टिपून घ्या. धर्मभगिनी त्यात घरच्यांबरोबर सापडणार नाही. तिची नोंद मठाच्या किंवा संघाने चालवलेल्या वृद्धाश्रमाच्या पत्त्यावर असते, आणि बऱ्याचदा आडनावाशिवाय, फक्त ‘सिस्टर मेरी अमुक’ अशी. मदर तेरेसांच्या संघाने १८९८ मध्ये ॲव्हनडेल भागात सेंट जोसेफ वृद्धाश्रम उघडला. त्यामुळे शोध आडनावावरून न करता अशा पत्त्यांवरून करा.

जहाजांच्या याद्यांकडे वळताना एक लक्षात असू द्या. न्यूयॉर्कचं एलिस बेट हे स्थलांतरितांचं तपासणी केंद्र सुरू झालं १ जानेवारी १८९२ रोजी. १८८१ साली न्यूयॉर्कला उतरलेले लोक त्याआधीच्या कॅसल गार्डन केंद्रातून गेले. युरोपच्या बाजूला हॅम्बुर्गच्या १८५० पासूनच्या प्रवासी याद्या टिकल्या आहेत आणि त्यांत बहुतेकदा मूळ गावही दिलेलं असतं. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र नष्ट केल्या गेल्या. तुमचं माणूस ब्रेमेनहून निघालं असेल, तर ही वाट सोडून द्या आणि वेळ वाचवा.

शिकागो सोडण्याआधी मिलवॉकी ॲव्हेन्यूवरचं पोलिश म्युझियम ऑफ अमेरिका बघा. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाचं ग्रंथालय फार चांगलं आहे. धर्मग्रामांच्या जयंती-स्मरणिका तिथे चाळायला मिळतात, आणि त्यांत सिस्टरांची नावं आणि गटछायाचित्रं असतात. १९७८ साली सुरू झालेल्या पोलिश जीनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेचाही पत्ता हाच. नाइल्सची दफनभूमीही याच रस्त्याने उत्तरेला गेलं की येते. प्रचंड मोठी आहे, त्यामुळे आधी कार्यालयातून जागेचा नकाशा घ्या.

मग पोलंड. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, आणि उन्हाळ्यात त्याच्या भेटीची वेळ लवकर मिळत नाही. आम्ही ग्दान्स्कला उतरलो. ग्दान्स्कहून ब्रिदगोश्चकडे जाणाऱ्या रेल्वेवरच पेल्प्लिन लागतं. जुन्या हेल्म्नो धर्मप्रांताचं हे मुख्य ठाणं. १८२१ नंतर कामिएनचा परिसर याच धर्मप्रांतात होता. इथल्या धर्मप्रांतीय अभिलेखागारात जायचं, तर दिवस आणि जागा आधी ठरवून घ्या. बऱ्याच नोंदींच्या सूची पोमेरेनियाच्या वंशावळ मंडळाने संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. आडनाव तिथे आधी तपासून गेलात, तर थेट नेमकं पुस्तक मागता येतं. पेल्प्लिनच्या संग्रहालयात गुटेनबर्ग बायबलची, म्हणजे युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या छापील बायबलची, पोलंडमधली एकमेव प्रत आहे. शोध तासभर बाजूला ठेवून ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१८६० ची जन्मनोंद चर्चच्या पुस्तकातच का शोधायची? तर प्रशियात सरकारी जन्ममृत्यू नोंदणी सुरू झाली १ ऑक्टोबर १८७४ ला. त्याआधीचं सगळं चर्चकडे. कॅथलिक पुस्तकं लॅटिनमध्ये आहेत, त्यामुळे युझेफा तिथे योसेफा होते आणि वोइचेह हा अडाल्बेर्तुस होतो. एवढी पाचपंचवीस नावं पाठ केली की लॅटिन न येणाऱ्यालाही नोंद लावता येते. नोंदीत वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं माहेरचं आडनाव आणि धर्ममातापित्यांची नावं असतात. या शेवटच्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. पोलाश्चिक घराण्यापर्यंत जायची वाट आईच्या आडनावातून निघते, आणि आईची भावंडं अनेकदा याच रकान्यात भेटतात. बाईने नाव बदललं, तिच्या आईनेही लग्नात आडनाव बदललं, तरी ही एक ओळ दोघींना घट्ट धरून ठेवते. समासही वाचा. आजच्या धर्मनियमानुसार विवाह, गुरुदीक्षा आणि सिस्टरची अंतिम व्रतंही स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी लिहावी लागतात. तुमच्या शोधातली सिस्टर अलीकडच्या काळातली असेल, तर तिच्या संघाचा धागा तिथेच सापडू शकतो.

कामिएन क्रायेन्स्कीला जायला ग्दान्स्क-पेल्प्लिन वाटेवरच्या त्चेवहून होयनित्सेपर्यंत रेल्वे आहे, पुढे वीसेक किलोमीटर रस्ता. बसगाड्या थोड्या आहेत आणि शनिवार-रविवारी त्याही कमी होतात. भाड्याची मोटार घेतलेली बरी. पोलंडमध्ये कामिएन नावाची गावं पुष्कळ आहेत. नकाशात शोधताना क्रायेन्स्की हे उपपद आणि सेम्पूल्नो जिल्हा, दोन्ही बघा. जर्मन कागदांत हेच गाव ‘कामिन’ म्हणून फ्लाटो जिल्ह्यात सापडेल.

शहर मोखेल तळ्याच्या काठी आहे. भोवती क्रायना प्रदेशातली तळी, जंगलं आणि शेतं. हा भाग १७७२ मध्ये पोलंडच्या पहिल्या फाळणीत प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला. युझेफा बारा-पंधरा वर्षांची असताना बिस्मार्कच्या सरकारने शाळांत जर्मन सक्तीची केली, आणि १८७५ च्या कायद्याने रुग्णसेवा करणारे सोडून बाकी धर्मसंघ बंद केले. ज्या मुलीला सिस्टर व्हायचं होतं, तिच्या जवळपास मठच उरले नव्हते. युझेफाच्या मनात तेव्हा काय होतं ते कुणी सांगू शकणार नाही, पण प्वोचिचच्या रस्त्यावर उभं राहिल्यावर ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. मोठ्या शहरापासून इतकं लांब, शेतांमधलं हे छोटं गाव. इथल्या शेतकरी घरातली मुलगी अटलांटिकपलीकडे जाऊन संघ काढते, हे वाचणं वेगळं आणि तो रस्ता पायाखाली असणं वेगळं. मी तिथे तिच्या आईसाठी, अग्नियेश्कासाठी, प्रार्थना केली.

गावात पणजोबांच्या थडग्याची आशा धरू नका. पोलंडमध्ये कबरीची जागा साधारण वीस वर्षांसाठी मिळते. पुढचे पैसे कुणी भरले नाहीत, तर ती दुसऱ्याला देता येते. एकोणिसाव्या शतकातल्या साध्या शेतकऱ्याची कबर म्हणूनच सहसा उरत नाही. तरीही आडनावं वाचत फिरा, कारण तीच आडनावं आजही तिथे नांदत असतात. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या, सुमाराला गेलात, तर दूरदूरचे नातेवाईक कबरींवर दिवे लावायला आलेले भेटतात. तेव्हा प्रवास गर्दीचा आणि राहायची सोय आधीच केलेली हवी, हे मात्र ध्यानात ठेवा.

धर्मग्रामाच्या कार्यालयाच्या वेळा अगदी थोड्या असतात, आठवड्यातून काही तासच. पोलिशमध्ये छोटं पत्र लिहून घ्या, त्यात नाव, साल आणि गाव ठळक असू द्या. नोंद शोधून दिल्याबद्दल धर्मग्रामासाठी पाकिटात दान ठेवायची रीत आहे. जन्मनोंदी शंभर वर्षं आणि विवाह-मृत्यूच्या नोंदी ऐंशी वर्षं सरकारी नोंदणी कार्यालयातच राहतात, त्या सर्वांना खुल्या नसतात. चर्चमध्येही अलीकडची पुस्तकं हातात मिळणार नाहीत, त्यासाठी आग्रह धरू नका.

जी नोंद मिळेल तिचा फोटो काढताना पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि पान क्रमांकही घ्या. घरी आल्यावर त्याची एक स्वच्छ प्रत, देवनागरीत नव्हे तर रोमन लिपीत नावं लिहून, सिस्टरच्या संघाच्या दप्तराला पाठवा. जुन्या सिस्टरांच्या फायलींत आईवडिलांच्या नावांची जागा अनेकदा कोरी असते.