मायोर्का बेटावरील बॅलेअरिक वटवट्याच्या शोधात

बॅलेअरिक वटवट्या हा स्पेनच्या मायोर्का, इबिझा, फोर्मेंतेरा आणि त्यांच्या आसपासच्या लहान बेटांवर बारमाही राहणारा पक्षी असून, जगात अन्यत्र तो घरटे करत नाही. जेमतेम 12 सेंमी लांबीच्या या पक्ष्यासाठी आम्ही एप्रिलमध्ये मायोर्काच्या उत्तर टोकाजवळील बोकेरचे खोरे निवडले. पोर्ट दे पोयेन्सा या बंदरगावातून तेथे चालत जाता येते. वाट एका खाजगी शेतवाडीतून जात असल्याने फाटके उघडल्यावर आठवणीने पुन्हा लावून घ्यावीत.

वाडीपुढे मोठमोठ्या शिळांमधून वाट वर चढते आणि डाव्या हाताला काव्हाय बेर्नात या डोंगररांगेचा दातेरी कडा उभा राहतो. येथे रोझमेरी, हेदर आणि पंख्यासारख्या पानांचे बुटके ताड यांची झुडपे आहेत. उंच, दाट झाडीत या पक्ष्याला शोधण्यात वेळ घालवू नये. शेळ्यांनी खुरटून टाकलेली, गुडघ्याएवढी झुडपे आणि मधूनमधून उघडा खडक अशी जागा त्याला मानवते. आम्हांला तो प्रथम ऐकू आला, तो एका तुटक, नाकातून काढल्यासारख्या आवाजामुळे. थोड्याच वेळात नर रोझमेरीच्या शेंड्यावर आला आणि त्याची उभारलेली लांब शेपटी, राखाडी पाठ, फिकट गळा, डोळ्याभोवतीचे लाल कडे व नारिंगी पाय दुर्बिणीतून स्पष्ट दिसले. लगेच तो झुडपात उतरला आणि उंदरासारखा बुंध्याबुंध्यांतून सरकत पुढे गेला. या पक्ष्याचे सारे सौंदर्य मला त्या लगबगीत जाणवते.

याच झुडपांत सार्डिनियन वटवट्याही विपुल आहे आणि त्याच्याही डोळ्याभोवती लाल कडे असते. मात्र त्याच्या नराचे डोके काळे कुळकुळीत असते आणि त्याचा आवाज लांबलचक खडखडाटासारखा येतो. हिवाळ्यात महाराष्ट्रातील बाभळीच्या रानांत उतरणारा छोटा शुभ्रकंठी वटवट्या हा या दोघांच्याच प्रजातीतला असल्याने, तो पाहण्याची सवय असलेल्यांना त्यांची लपाछपी लगेच ओळखू येईल.

सकाळी लवकर निघावे, कारण ऊन व वारा वाढल्यावर पक्षी झुडपाबाहेर येत नाही. खोऱ्यात सावली फारच कमी असून समुद्रापर्यंत पिण्याचे पाणी मिळत नाही. वीण वसंतात होत असल्याने ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्याला बोलावू नये. वाटेवरच थांबून राहिल्यास तो आपणहून जवळ येतो. उत्तरेत वारा जोराचा असेल तर दक्षिणेकडील काप दे सेस सालिनेस किंवा काप ब्लांक येथील किनारी झुडपे पाहावीत. फोर्मेंतोरच्या भूशिरावरही हा पक्षी आहे, पण उन्हाळ्यात त्या रस्त्यावर दिवसा खाजगी मोटारींना निर्बंध असल्याने बसच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात.