खर्रा, रुमाल आणि लॉसन

९ जून, रात्री साडेदहा

मृग लागला म्हणे, पण नागपुरात अजून आभाळाचा पत्ता नाही. दुपारी सिग्नलवर उभा होतो. शेजारच्या गाडीवाल्याने खर्ऱ्याची पिचकारी मारली ती थेट माझ्या पॅण्टवर. सिग्नल सुटताच मी त्याच्या मागे. पुढच्या चौकात गाठला आणि वयाला न शोभणाऱ्या शिव्या घातल्या. तोही कमी नव्हता. घरी आलो तरी हात थरथरत होते.

आणि आज जेम्स लॉसन यांचा स्मृतिदिन. अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी अहिंसेनं लढलेला माणूस. २०२४ साली याच तारखेला ते गेले, ९५ वर्षांचे होते.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मी तीन वर्षं काढली. पण १९५३ ते ५६ या काळात हा माणूस तिथं होता, हे कॉलेज सुटून वीसेक वर्षं झाल्यावर कळलं. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथातला काळा तरुण. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिला म्हणून तेरा महिने तुरुंगात राहून आलेला. गांधींचा सत्याग्रह इथल्या मातीत समजून घ्यावा, ही ओढ. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्यांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी वाचली तीही नागपूरच्याच वर्तमानपत्रात. परत गेल्यावर १९५७ साली मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, दक्षिणेत या, थांबू नका, आत्ताच या.

लॉसन दक्षिणेतल्या नॅशव्हिल शहरात गेले. तिथल्या दुकानांत काळ्या माणसानं कापड घ्यावं, वह्या घ्याव्या, गल्ल्यावर पैसे मोजावे; त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर बसून कॉफी मात्र मागायची नाही. चवदार तळं ठाऊक असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मला भुरळ पडते ती त्यांच्या तालमींची. हो, तालमीच. चर्चच्या तळघरात विद्यार्थी जमायचे. डायन नॅश, जॉन लुईस, सगळी विशीच्या आसपासची पोरं. काहींनी गोरे गुंड व्हायचं: केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, स्टुलावरून ढकलून द्यायचं, नको ते बोलायचं. बाकीच्यांनी सोसायचं. पडलं तर डोकं कसं झाकायचं, जोडीदाराला जास्त मार बसत असेल तर आपण मधे कसं पडायचं, हे घोटून घेतलेलं. अहिंसा म्हणजे जन्मजात शांत स्वभाव, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. माझा तसा नाही, म्हणून सुटलो, असंही.

१३ फेब्रुवारी १९६० ला ही पोरं काउंटरवर बसली. २७ तारखेला जमावानं मारहाण केली. पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांना, ८१ जणांना. एक तुकडी नेली की दुसरी त्याच स्टुलांवर येऊन बसे. लॉसन व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत होते, त्यांना तिथून काढून टाकलं. १० मेपासून मात्र काउंटर काळ्यांसाठी उघडायला लागले.

आज दिवसभर डोक्यात घोळतोय तो त्या दिवसांतला एक किस्सा. लेदर जाकीट घातलेला एक गोरा पोरगा लॉसन यांच्यावर थुंकला. त्यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गडबडला की त्यानं दिलाही. लॉसन यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का? मग दोघं गाडीविषयी बोलत राहिले.

माझ्यावर थुंकणाऱ्यानं तर मला पाहिलंही नव्हतं. तिथं द्वेष होता, इथं नुसता गलथानपणा. तरी मी चौकभर तमाशा केला.

लहानपणी शिवी देणाऱ्या एका गोऱ्या मुलाला छोट्या लॉसननी थोबाडीत मारली होती. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, ‘त्यानं काय साधलं, जिमी?’

आत्ता पॅण्ट भिजत घालायला काढली. खिशात रुमाल होता. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.