ओळंब्यात येण्याआधी

साताऱ्याहून ताईचा फोन आला की हल्ली एकच विषय. "सत्तरीला टेकलीस, आता कशाला गं पाठ कापून घेतेस? आहे ते सांभाळ." तिचं अगदीच चूक आहे असं नाही. आमच्या घरात कमरेतून वाकलेली म्हातारी माणसं होतीच आणि ती काठी टेकत शेवटपर्यंत हिंडलीफिरली. पण हाच प्रश्न पुण्या-मुंबईच्या मैत्रिणीही विचारतात, म्हणून इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला, पाठीच्या ऑपरेशनसाठी माझी काय तयारी चालली आहे ते एकदाच लिहून टाकते.

मला स्कोलिओसिस आहे, म्हणजे कणा बाजूला वळलेला. तो लहानपणापासूनच होता. ब्लाउजचा एक खांदा कायम उचललेला दिसतो, हे सगळ्यांत आधी आमच्या शिंप्याने ओळखलं आणि लग्न जमेपर्यंत आईने मला पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लावला. पुढे बरीच वर्षं त्याने फारसा त्रास दिला नाही. साठीनंतर मात्र मणक्यांमधल्या चकत्या झिजल्या, सांधे झिजले आणि बाक वाढत गेला. आता कमरेतला बाक ५२ अंशांचा आहे. हे अंश मोजायची पद्धत न्यू यॉर्कच्या जॉन कॉब या डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडली. १० अंशांच्या वर गेलं की स्कोलिओसिस म्हणतात.

पण माझ्या वयाच्या पेशंटमध्ये सर्जन या आकड्यापेक्षा दुसरंच काही आधी बघतात. ते ओळंबा बघतात, आपला गवंडी भिंतीला लावतो तोच. पेशंटला उभं करून डोक्यापासून खालपर्यंतचा लांबलचक एक्स-रे काढतात, मानेच्या शेवटच्या मणक्यातून सरळ खाली रेघ सोडतात आणि ती कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या मागच्या कोपऱ्यापासून किती पुढे पडते ते मोजतात. ५ सेंटिमीटरपर्यंत ठीक समजतात. माझी रेघ त्याच्या दुपटीहून पुढे आहे. म्हणजे उभी राहिले की मी पुढे कलते, कलू नये म्हणून मांड्या ताणून धरते आणि कणीक मळून होईस्तोवर ओट्यावर कोपरं टेकलेली असतात. दुकानातल्या ढकलगाडीवर रेलून मी ओक ट्री रोडवरचा अख्खा वाणसामान-बाजार उरकते, पण गाडी सोडली की पार्किंगपर्यंत चालवत नाही.

ऑपरेशन म्हणजे छातीच्या दहाव्या मणक्यापासून थेट कटीच्या हाडापर्यंत स्क्रू, दोन्ही बाजूंनी धातूचे रॉड आणि मध्ये हाडाचा चुरा, तेवढे सगळे मणके जुळून एकसंध व्हावेत म्हणून. हाड जुळेपर्यंत भार रॉडवर. टेक्सासच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणे वाकलेल्या मुलांसाठी असे रॉड पहिल्यांदा वापरले, तेव्हा ती मुलं महिनोन् महिने प्लास्टरमध्ये असायची. मला म्हणे दुसऱ्या दिवशीच उभं करणार आहेत.

तारीख मात्र लगेच मिळाली नाही. आधी हाडांची घनता तपासली. तिचा आकडा म्हणजे टी-स्कोअर; तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. माझा उणे २.८ निघाला. अशा हाडात स्क्रू बसवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीत खिळा ठोकणं. सर्जनने सरळ सांगितलं की आधी हाडं, मग मी. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन स्वतःच्या पोटात टोचून घेते. हाड झिजणं नुसतं थांबवणारी औषधं वेगळी, हे नवीन हाड घडवायला लावतं. पेन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. एक पेन २८ दिवस चालतं, त्यानंतर आत औषध उरलं तरी टाकायचं. माझ्या हिशेबी स्वभावाला हे अजून पचलेलं नाही. विमा कंपनीने आधी नकार दिला होता. डॉक्टरांच्या ऑफिसातल्या एका खमक्या बाईने पत्रांवर पत्रं पाठवून तो फिरवला.

खरी तयारी वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही. कणा कटीच्या हाडाला जोडला की ताठ होतो. वाकायचं ते फक्त खुब्यातून. पायाची नखं कापणं, मोजे चढवणं, खाली पडलेली वाटी उचलणं, जमिनीवर मांडी घालून जेवणं, वाकून पाया पडणं, यातलं काय राहील आणि काय जाईल हे आधीच विचारून घ्यावं. मी विचारलं. संडासनंतरच्या धुण्याचंही विचारलं, कारण त्यासाठी कंबर वळवावी लागते. थेरपिस्ट मुलगी चाचरत लांब दांड्याचा कागदी रुमालाचा चिमटा दाखवायला लागली. मी तिला आमच्या बाथरूममधला पाण्याचा फवारा दाखवला. तो भिंतीवरून काढून पुढच्या बाजूने, हात लांब न करता वापरता येतो, हे पाहून तिने वहीत टिपून घेतलं. त्या दिवशी मला भारी समाधान वाटलं.

ती घर तपासायला आली होती. सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाका, कमोडला उंच बैठक लावा, न्हाणीत खुर्ची ठेवा. खालच्या खणातले मिसळणाचा डबा, कुकर, तवा आता कंबरेच्या उंचीवर आले आहेत. देव पाटावरून टेबलावर गेले. बिछान्यातून उठताना अख्खं अंग ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं, मग पाय खाली सोडायचे आणि हातांनी रेटून बसायचं, याचा सराव रोज सकाळी करते. नवरा चहा हातात घेऊन बाजूला उभा राहतो आणि "कंबर वळली, कंबर वळली" असं ओरडतो.

खाण्याचंही बघितलं. शाकाहारी म्हटल्यावर आहारतज्ज्ञ बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण मोड आलेली मटकी, पनीर, दही, पिठलं असा हिशेब मांडून दिल्यावर ती उतरली. जखम भरायला प्रथिनं लागतात. अश्वगंधा आणि हळदीच्या कॅप्सुल ऑपरेशनच्या आधी बंद, काहींनी रक्तस्राव वाढू शकतो, काही भुलीच्या औषधात ढवळाढवळ करतात. फोडणीतली हळद चालते. हे ताईला तीनदा सांगावं लागलं.

भुलीच्या डॉक्टरांकडे तीन शब्द लक्षात ठेवायला दिले आणि घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं. मोठ्या ऑपरेशननंतर म्हातारी माणसं काही दिवस भ्रमात जाऊ शकतात, म्हणून आधीची स्थिती नोंदवून ठेवतात. चष्मा आणि कानाचं यंत्र बॅगेत सगळ्यांत वर ठेवा, ही त्यावरची साधी सूचना मला फार आवडली.

मग तो कागद. मला बोलता आलं नाही तर निर्णय कुणी घ्यायचा, श्वासाच्या यंत्रावर किती ठेवायचं. जेवणाच्या टेबलावर मुलाला बसवून बोलले. तो खाली बघत राहिला, पण सही झाली. ताई म्हणाली, "शुभ कार्याआधी कसलं अभद्र बोलता!" मला उलट मोकळं वाटलं. सर्जननेही काही लपवलेलं नाही: रॉड तुटू शकतो, स्क्रू सैल होऊ शकतात, जोडलेल्या भागाच्या लगेच वरचा मणका खचून पुन्हा पोक येऊ शकतं, दुसरं ऑपरेशन लागू शकतं. या वयात गुंतागुंत हा अपवाद धरून चालायचं नाही.

पैशांचं थोडक्यात. हॉस्पिटलात सलग तीन दिवस रीतसर दाखल असाल, तरच मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, पुढच्या नर्सिंग सेंटरचा खर्च उचलतं. पहिले २० दिवस पूर्ण, त्यानंतर १०० व्या दिवसापर्यंत रोजचा काही वाटा आपला. नुसतं "निरीक्षणाखाली" ठेवलेले दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून दाखल केल्याचं तोंडी विचारून खात्री करायची.

घरी आल्यावर मंडळातल्या बायका आळीपाळीने डबे देणार आहेत. यादी त्यांनीच केली, मला फक्त तिखट किती ते विचारलं.

तारीख मिळाली ती नेमकी पितृपक्षातली. दोन सर्जन एकाच दिवशी मोकळे हवे होते आणि ते त्याच दिवशी मिळाले. ताईने पंचांग उघडून घटस्थापनेनंतरचा मंगळवार सुचवला आहे. मी तिला म्हटलं, त्या मंगळवारी मी वॉकर धरून जिना चढून दाखवते, तू व्हिडिओ कॉल कर.